२१४७४८३६४७: एका संख्येच्या दोन नोकऱ्या

कॉलेजच्या मुलांनी प्रोजेक्ट म्हणून एखाद्या दुकानाची वेबसाइट बनवली की हा प्रकार बऱ्याचदा घडतो. फॉर्ममध्ये ग्राहक आपापला मोबाईल नंबर नीट भरतात, पण डेटाबेस उघडून बघावा तर प्रत्येकाच्या नावापुढे एकच नंबर: २१४७४८३६४७. ग्राहक नाशिकचा असो की नांदेडचा, नंबर तोच. पहिला संशय हॅकरवर जातो, दुसरा ज्याने फॉर्म लिहिला त्या मित्रावर. दुसरा संशय बरोबर असतो.

वाचायची झाली तर ही संख्या दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. ‘२०३८ साली कॉम्प्युटर बंद पडणार’ अशा बातम्या अधूनमधून फिरतात, त्यांच्या मुळाशी हीच आहे. डिसेंबर २०१४ मध्ये एका दक्षिण कोरियन गाण्याच्या व्हिडिओने यूट्यूबच्या मोजणीची हद्द ओलांडल्याची बातमी गाजली, ती हद्दही हीच. आणि गणिताच्या इतिहासात हिला १७७२ पासून वेगळाच मान आहे, तेव्हा तर कॉम्प्युटरचा पत्ताही नव्हता.

कॉम्प्युटरमधली हद्द आणि गणितातला मान, एकाच संख्येला हे दोन्ही कसं काय जमलं? दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे का? कॉम्प्युटरच्या बाजूने सुरुवात करू, ती सोपी आहे.

बत्तीस खाने

कॉम्प्युटर संख्या ठेवतो ती ० आणि १ या दोनच अंकांत. असा एक अंक म्हणजे एक बिट. कित्येक वर्षं पूर्ण संख्या ठेवायची रूढ जागा ३२ बिटांची होती, आणि अनेक प्रणालींत आजही साधा ‘इंट’ (पूर्ण संख्येचा प्रकार) म्हटलं की ३२ बिटच मिळतात.

या ३२ पैकी सर्वांत डावीकडचा बिट संख्या धन की ऋण हे सांगतो. उरले ३१. प्रत्येकात ० किंवा १ असे दोन पर्याय, म्हणून एकूण मांडण्या २ चा ३१ वा घात, म्हणजे २१४७४८३६४८. त्यातली एक मांडणी शून्यासाठी खर्च झाली. म्हणून सर्वांत मोठी धन संख्या एकाने कमी: २१४७४८३६४७. एकतीसच्या एकतीस खान्यांत १ भरला की ती तयार होते. ‘सगळे एक’ हे तिचं रूप ध्यानात ठेवा, पुढे गणितातही तेच कामाला येणार आहे.

ऋण बाजूला मात्र २१४७४८३६४८ पर्यंत जाता येतं. शून्य धन बाजूच्या खात्यात पडल्यामुळे तिकडे एक जागा जास्त उरते, एवढंच.

खाने भरले की काय होतं

जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा मीटर आठवा. ९९९९९ झाले की पुढच्या किलोमीटरला ०००००. गाडीला काही झालेलं नसतं, आकडा ठेवायला जागाच उरलेली नसते. ३२ बिटांच्या मोजणीतही हेच होतं, फक्त परतण्याचं ठिकाण शून्य नसतं. २१४७४८३६४७ मध्ये आणखी एक मिळवला की हातचा सरकत सरकत सर्वांत डावीकडच्या चिन्हाच्या बिटात शिरतो आणि बहुतेक यंत्रांवर उत्तर येतं उणे २१४७४८३६४८.

मोबाईल नंबरांचं प्रकरण जरा वेगळं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये कडक तपासणी बंद असेल, तर तो जास्तीची संख्या उलटी फिरवत नाही. मावत नाही म्हटल्यावर मावेल तेवढी सर्वांत मोठी संख्या लिहून मोकळा होतो. आपल्याकडचे मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळेच सहाशे कोटींच्या पुढचे. एकही मावत नाही, म्हणून सगळ्यांचा नंबर सारखाच. सोबत एक इशारा येतो, तो कुणी वाचत नाही.

‘ऋण संख्या नकोतच’ असं सांगून चिन्हाचा बिटही वापरात घेतला तर हद्द दुप्पट होते, ४२९४९६७२९५. तरी सहाशे कोटींचा नंबर बसत नाहीच. खरा इलाज म्हणजे फोन नंबर हा मजकूर म्हणून ठेवणे. दोन फोन नंबरांची बेरीज करायची वेळ कुणावर येते?

१९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद

युनिक्स ही कॉम्प्युटर चालवणारी जुनी प्रणाली आणि तिच्या वंशातल्या प्रणाली वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (ग्रिनिचच्या घड्याळानुसार) उलटलेल्या सेकंदांत. तारीख, वार, महिना हे सगळं त्या एका आकड्यावरून काढलं जातं. जुन्या व्यवस्थेत हा आकडा चिन्हासकट ३२ बिटांत ठेवलेला आहे.

२१४७४८३६४७ सेकंद म्हणजे २४,८५५ दिवस, ३ तास, १४ मिनिटं, ७ सेकंद. इतके दिवस १९७० पासून मोजत गेलं की १९ जानेवारी २०३८ उजाडते. ग्रिनिचला तेव्हा पहाटेचे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद झालेले असतील, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. वार मंगळवार, म्हणजे ऑफिसचा दिवस. पुढच्या सेकंदाला ज्या यंत्रात दुरुस्ती झालेली नसेल ते समजेल की आज (ग्रिनिचच्या घड्याळानुसार) १३ डिसेंबर १९०१ आहे.

मग खरंच सगळं बंद पडणार? नाही. आजचे फोन आणि लॅपटॉप बहुतांशी ६४ बिटांवर वेळ मोजतात, तिथली हद्द सुमारे २९२ अब्ज वर्षं दूर आहे. युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यात ३२ बिटांच्या यंत्रांसाठीची दुरुस्तीही २०२० मध्ये आली. धोका आहे तो एकदा बसवली की वीस-पंचवीस वर्षं कुणी हात लावत नाही अशा यंत्रांना, आणि जुन्या डेटाबेसना. मायएसक्यूएलचा ‘टाइमस्टॅम्प’ हा तारखेचा प्रकार आजही त्याच सेकंदाला संपतो. शिवाय अडचण यायला २०३८ उजाडावंच लागतं असं नाही. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता आजच २०३८ च्या पलीकडे पडतो. ज्या सॉफ्टवेअरला ती तारीख आज लिहायची आहे, त्याच्यासाठी २०३८ आलेलंच आहे.

विमानाचंही एक उदाहरण आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१५ मध्ये बोईंग ७८७ बाबत एक आदेश काढला: विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली, तर जनरेटर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधला एक मोजणीआकडा भरून ओसंडतो आणि वीजपुरवठा बंद पडू शकतो, म्हणून त्याआधी यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करा. सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजत गेलं तर २१४७४८३६४७ ला पोचायला किती दिवस लागतात? दोनशे साडेअठ्ठेचाळीसहून किंचित जास्त, म्हणजे २४८.५५. हिशोब चपखल जुळतो. हा २४८ चा आकडा लक्षात असू द्या.

आता गणिताची बाजू

मूळ संख्या म्हणजे १ आणि स्वतः याखेरीज कशानेही निःशेष भाग न जाणारी, १ पेक्षा मोठी संख्या, हे शाळेतलं आठवत असेलच. २१४७४८३६४७ मूळ आहे.

‘२ चा अमुक घात वजा १’ अशा संख्यांना सतराव्या शतकातल्या फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांच्या नावाने ओळखतात. या संख्या बिटांत लिहिल्या की सगळे एकच दिसतात: ३ म्हणजे ११, ७ म्हणजे १११, ३१ म्हणजे १११११. यातून एक गोष्ट डोळ्यांना दिसते. एकांची संख्याच जर सारख्या गटांत वाटता येत असेल तर ती संख्या मूळ असणं शक्य नाही. सहा एक घ्या: १११ १११. हे तीन-तीनचे दोन गट झाले, म्हणून संख्येला १११ ने, म्हणजे ७ ने भाग जातो. आणि सहा एक म्हणजे ६३, ७ नवे ६३. म्हणून मूळ संख्या हवी असेल तर एकांची संख्याही मूळ हवी. ३१ मूळ आहे, तेव्हा पहिली अट पुरी झाली.

पण तेवढ्याने भागत नाही. ११ मूळ आहे, तरी अकरा एकांची संख्या २०४७ ही २३ गुणिले ८९ निघते. इटलीतले कातालदी यांनी १६०३ च्या ग्रंथात १७ आणि १९ एकांच्या संख्या मूळ असल्याचं योग्य रीतीने दाखवलं, पण पुढे २३, २९, ३१ आणि ३७ याही चालतात असं ठोकून दिलं. त्यातली फक्त ३१ खरी निघाली. मर्सेन यांच्या १६४४ च्या यादीत ३१ आहे, पण त्यांनीही काही सिद्ध केलेलं नव्हतं. त्यांच्या यादीतल्या ६७ आणि २५७ पुढे चुकीच्या ठरल्या.

ऑयलरने काय केलं

१७७२ साली गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर रशियात सेंट पीटर्सबर्गला होते, वय पासष्ट, दृष्टी जवळजवळ गेलेली. बर्नुली घराण्यातल्या एका गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवलं की २१४७४८३६४७ मूळ आहे.

साधा मार्ग काय असता? संख्या फुटत असेल तर तिचा निदान एक अवयव वर्गमूळाच्या आत असलाच पाहिजे, कारण दोन्ही अवयव वर्गमूळाहून मोठे असले तर गुणाकार संख्येच्या पुढे जाईल. इथे वर्गमूळ ४६,३४० च्या जरा पुढे आहे. म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. त्या आहेत सुमारे ४,८००. दहा अंकी संख्येला हाताने ४,८०० भागाकार, तेही चूक न करता.

ऑयलरनी आधी चाळणी लावली. फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांचा जुना नियम असा: एकांची संख्या विषम मूळ असेल, तर त्या मोठ्या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवातून १ वजा केल्यावर उरतं त्याला एकांच्या संख्येच्या दुपटीने भाग जातो. हे पटवून घ्यायला कातालदींच्या चुकलेल्या संख्या छान आहेत. २३ एक असतील तर अवयव ४६ च्या पटीत एक मिळवलेले हवेत. पहिलाच उमेदवार ४७, आणि ८३८८६०७ ला ४७ ने खरंच भाग जातो. ३७ एक असतील तर ७४ च्या पटी घ्या: ७५, १४९, २२३. यातल्या २२३ ने भाग जातो. आंधळेपणाने शोधत बसलो असतो तर २२३ पर्यंत पोचायला, २ सोडूनही, सत्तेचाळीस भागाकार पडले असते, इथे ७५ मूळच नसल्यामुळे दोनच पडले.

३१ साठी दुप्पट ६२. ऑयलरनी यावर आणखी एक चाळणी बसवली: असा अवयव ८ ने भागला तर बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या की अवयवाचे दोनच नमुने शिल्लक राहतात: २४८ ची पट अधिक १, किंवा २४८ ची पट अधिक ६३. हाच तो २४८. विमानाच्या २४८ दिवसांशी याचं नातं लावायचा मोह होतो, पण तो निव्वळ योगायोग आहे. इथला २४८ हा ८ गुणिले ३१, तिथला दिवसांच्या हिशोबातून आलेला.

४६,३४० पर्यंत या दोन नमुन्यांत बसणाऱ्या संख्या आहेत ३७३, आणि त्यातल्या मूळ शंभरापेक्षाही कमी. ४,८०० वरून शंभराच्या आत. पहिली ३११: भाग लावला, बाकी ३५. दुसरी १३०३: बाकी २२६. तिसरी १४८९: बाकी १९९. असं शेवटपर्यंत. कुठेही बाकी शून्य येत नाही. मला या गोष्टीत ऑयलरच्या हिशोबापेक्षा हिशोब टाळण्याची कला जास्त मोलाची वाटते.

पुढची कित्येक दशकं माणसाला ठाऊक असलेली ही सर्वांत मोठी मूळ संख्या होती. आज हाच निकाल आणखी कमी कष्टात लागतो. ल्युका आणि लेमर या गणितज्ञांच्या कसोटीत ४ पासून सुरुवात करायची, वर्ग करायचा, २ वजा करायचे, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची, आणि हे एकांच्या संख्येहून दोनने कमी वेळा करायचं. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ. पाच एकांची ३१ घेऊन बघा: ४ वरून १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ०. तीन पायऱ्यांत निकाल. आपल्या संख्येला २९ पायऱ्या लागतात.

मूळ आहे म्हणून कॉम्प्युटरवाल्यांनी निवडली का?

हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर नाही असंच आहे. बिटांची संख्या ८, १६, ३२, ६४ अशी दुप्पट होत गेली ती यंत्रांच्या सोयीसाठी. चिन्हाचा एक बिट वजा केला की एकांची संख्या ७, १५, ३१, ६३ होते. यातल्या ७ आणि ३१ मूळ आहेत, आणि १२७ व २१४७४८३६४७ याही मूळ निघाल्या. १५ एक तीन-तीनच्या गटांत वाटता येतात, म्हणून १६ बिटांची हद्द ३२७६७ ला ७ ने भाग जातो. ६३ एकही तसेच वाटले जातात, म्हणून ६४ बिटांची एकोणीस अंकी हद्द ९२२३३७२०३६८५४७७५८०७ हिलाही ७ ने भाग जातो. यूट्यूबची मोजणी ६४ बिटांवर गेली तेव्हा हद्द अवाढव्य झाली आणि मूळपणा गेला, कुणाचं काही बिघडलं नाही.

बँकेच्या सुरक्षेत हिचा उपयोग होतो का?

मूळ संख्या म्हटलं की लोकांना पासवर्ड आणि ओटीपी आठवतात. ऑनलाइन सुरक्षेच्या काही पद्धतींत मूळ संख्या लागतात हे खरं, पण त्या शेकडो अंकी असतात. दहा अंकी संख्येचे अवयव तुमचा फोन पापणी लवायच्या आत काढतो. त्या कामाला ही फारच लहान.

मग मूळ असण्याचा उपयोग शून्य?

इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांचं मत असंच होतं. स्वतः वगळून बाकीच्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच होते अशी संख्या म्हणजे परिपूर्ण संख्या, जशी ६ (१ अधिक २ अधिक ३) किंवा २८. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येतून अशी एक संख्या मिळते. आपल्या संख्येतून मिळते २३०५८४३००८१३९९५२१२८. बार्लोंनी १८११ मध्ये लिहिलं की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण या संख्या केवळ गमतीच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा कोण कशाला शोधत बसेल. माणसांबद्दलचा हा अंदाज साफ चुकला. १८७६ मध्ये ल्युका यांनी १२७ एकांची संख्या मूळ असल्याचं दाखवलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या मर्सेन मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. उपयोग नसलेल्या गोष्टीसाठी माणसं किती राबतील याचा हिशोब बार्लोंनी धरला नव्हता.

उपयोगाबद्दलही ते पूर्ण बरोबर नव्हते. एक जागा अशी आहे, जिथे या संख्येच्या दोन्ही बाजू एकत्र कामाला येतात.

कॉम्प्युटरला ‘मनाला येईल तो आकडा सांग’ म्हटलं तर त्याला मन नाही. तो हिशोबानेच असे आकडे काढतो, जे बघणाऱ्याला विस्कळीत वाटतील. १९६९ मध्ये आयबीएमच्या सिस्टिम ३६० या ३२ बिटी यंत्रासाठी एक कृती सुचवली गेली: हातातल्या आकड्याला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी उरेल तो पुढचा आकडा. १ पासून सुरू केलं तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३.

इथे संख्या ३२ बिटांत बसणारी आहे, म्हणून यंत्राला सोयीची. आणि ती मूळ असल्यामुळे बाकी कधीच शून्य होत नाही, म्हणजे साखळी मध्येच मरत नाही. १६८०७ हा गुणकही नीट पारखून घेतलेला आहे, त्यामुळे १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा बरोबर एकदा येऊन गेल्याशिवाय पहिला परत येत नाही. भाजक म्हणून संयुक्त संख्या घेतली असती तर एवढी पुरी फेरी मिळाली नसती.

आजच्या वेगवान यंत्रांवर दोनशे चौदा कोटींची ही फेरी चुटकीसरशी संपते, त्यामुळे मोठ्या कामांना ही पद्धत आता पुरत नाही. गुपितं राखायला तर मुळीच नाही, एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात. पण सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या प्रमाण संचात ती अजून आहे. कुणाला घरी प्रोग्रॅम लिहून बघायचा असेल तर पडताळाही ठरलेला आहे: १ पासून सुरुवात करून दहा हजाराव्या वेळी १०४३६१८०६५ आलं पाहिजे. ऋण आकडा आला, तर गुणाकार ३२ बिटांतच करत बसलात असं समजा. १६८०७ ने गुणताना मधला आकडा त्या हद्दीपलीकडे जातो, त्याला ६४ बिटांची जागा द्या.